माझ्या खिडकीला जुनी चादर

माझी बहीण गेरलिंडे चौदाव्या वर्षी पडद्यांच्या गिरणीत लागली आणि त्रेपन्नाव्या वर्षी गिरणीच बंद पडली म्हणून घरी बसली. यातली पहिली बावीस वर्षं ती मागावर होती, उरलेली सतरा रंगखात्यात, वाफेत आणि वासात. मागावरून ती रंगखात्यात कशी गेली हे आमच्या वाइडनतालमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, पण प्रत्येक जण आपापल्या सोयीचं सांगतो. मीही इतकी वर्षं सोयीचंच सांगत आलो. एकदाचं जसं झालं तसं सांगून टाकतो.

आमच्या गावातून ओढा वाहतो, ओढ्याकाठी गिरणी, आणि गिरणीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं की ही गिरणी जनतेच्या मालकीची आहे. पडदे मात्र जनतेला मिळत नसत. देश तेव्हा दोन तुकड्यांत होता, आम्ही पूर्वेकडच्या समाजवादी तुकड्यात; पडदे ट्रकात भरून पश्चिमेकडे जात, हाम्बुर्गला, हॉलंडला, कारण तिकडून खरं चलन येई. गावातल्या दुकानात बाई पडदे मागायला गेली की दुकानदारीण म्हणायची, "पुढच्या तिमाहीत या." पुढच्या तिमाहीत गेलं की त्याच्या पुढच्या.

मागखात्यात ऐंशी माग एकदम चालत. कानात कापूस घातला तरी डोकं दणाणायचं. तिथे बोलून काही ऐकू येत नसे, म्हणून बायका ओठांवरून वाचायच्या. नवी मुलगी सहा महिन्यांत शिकायची. खात्याच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला मुकादमाची चेष्टा सांगायची, मुकादम मधोमध उभा, आणि त्याला पत्ता नाही. गेरलिंडे यात पटाईत होती. तिचं तोंड तसंही कधी बंद नसायचं. राग तर नाकाच्या शेंड्यावर. लग्न केलं, तीन वर्षांत मोडलं. नवरा म्हणाला होता, ही बाई झोपेतसुद्धा वाद घालते.

मी तिच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. गिरणीच्याच दुरुस्ती विभागात फिटर होतो आणि शनिवार-रविवार सिल्बरबाख कॉम्बोत बास गिटार वाजवायचो. आम्ही पाच जण. एकेहार्ड आमचा म्होरक्या, तो दिवसा दातांच्या कवळ्या बनवायचा. नाचाच्या कार्यक्रमात वाजवायचं तर परवाना लागे, परवान्यासाठी दर दोन वर्षांनी समितीपुढे वाजवून दाखवावं लागे आणि समिती श्रेणी ठरवी. वर कार्यक्रम झाला की वाजवलेल्या गाण्यांची यादी द्यायची: शंभरातली साठ आपल्याकडची नाहीतर भाऊबंद देशांतली, चाळीसच्या वर पश्चिमेची नकोत. यादी अर्थात आम्ही आधीच लिहून ठेवायचो. यादीत एक, स्टेजवर दुसरं. सगळेच असं करत आणि सगळ्यांना माहीत होतं की सगळेच असं करतात.

बहात्तर साली गेरलिंडेला गिरणीमार्फत नवी जागा मिळाली, तळमजल्यावर, रस्त्याला लागून. न्हाणीघर नव्हतं, स्वयंपाकघरातच टब ठेवून आंघोळ करायची. खिडकीला पडदा नाही. सहा महिने दुकानात खेटे घातले. शेवटी शेजारच्या उर्सेलनं एक जुनी चादर दिली. उर्सेल तिच्याच मागाशेजारच्या मागावर होती. चादर आखूड पडली. एका रविवारी मी गेलो तर गेरलिंडे स्टुलावर उभी राहून ती चादर ओढून ओढून लावत होती आणि शिव्या घालत होती.

"काल सकाळी चार ट्रक भरले," ती म्हणाली. "चार! मी स्वतः विणलेला माल. आणि मी इथे अंग धुताना पोस्टमन काचेतून गुड मॉर्निंग म्हणतो!"

ती खाली उतरली, पुठ्ठ्याच्या खोक्याचं झाकण फाडलं आणि त्यावर पेन्सिलीनं भराभर लिहिलं. मला म्हणाली, "याला चाल लाव. नाचता येईल अशी लाव, नाहीतर उगाच रडगाणं होईल."

> जगभर धाडते पडदे विणून,
> जाळी त्याला फुलाफुलाची;
> माझ्या खिडकीला जुनी चादर,
> तीही आहे शेजारणीची.
>
> पोस्टमन बघतो, पोलीस बघतो,
> मांजर बघते वळचणीची;
> सगळ्यांना दिसते कशी मी न्हाते,
> लाज राखा हो विणकरणीची!

मी पोल्काच्या अंगानं चाल लावली. पुढच्या शनिवारी वाजवली, तर मागखात्यातल्या बायकांनी तेच गाणं चार वेळा वाजवायला लावलं. बंदोबस्ताला आलेला पोलीस दाराशी उभा होता, तोसुद्धा 'पोलीस बघतो'ला हसला. यादीत आम्ही लिहिलं, 'लोकगीत, फोग्टलांड', म्हणजे आमच्याच भागातलं.

त्या कार्यक्रमाला लॉयपोल्ड हजर होते. गिरणीचं संस्कृती भवन ते चालवायचे, आणि भवनात कामगार-लेखकांचं एक मंडळही. गोरेगोमटे, घामट, नेहमी घाईत. वाईट नव्हते. नुसता वाईट माणूस लांबून तरी ओळखू येतो, हे भले लोक ओळखू येत नाहीत. मध्यंतरात ते माझ्याकडे आले.

"हे लोकगीत कुठलं रे योखेन?"

"आमच्या गेरलिंडेचं," मी म्हटलं. मला अभिमान वाटत होता.

"विणकर बाईनं लिहिलंय? स्वतः?" त्यांचे डोळे चमकले. "अरे मग हे राजधानीत पाठवायला हवं!"

त्यांनी पाठवलं. दोन महिन्यांनी बर्लिनहून बोलावणं आलं, आम्हा दोघांना, कवयित्री आणि संगीतकार म्हणून. गेरलिंडेनं आईचा चांगला कोट घातला. आगगाडीत ती पूर्ण वेळ गप्प होती, म्हणजे आनंदात होती.

गाण्यांचे शब्द तपासणाऱ्या त्या कार्यालयात डॉक्टर हेल्विग नावाचे गृहस्थ होते. बारीक चेहऱ्याचे, अतिशय सभ्य. खरी कॉफी दिली, बिस्किटं दिली. गेरलिंडेचा कागद समोर, शेजारी टोकदार पेन्सिल.

"फ्राऊ मायनेल, तुमच्यात गुण आहे. फार ताजेपणा आहे. एकच विचारतो. तुमच्या गाण्यातली ही बाई का रडते?"

"रडत नाही. चिडलीये."

"तेच म्हणतो मी. कोणावर चिडलीये?"

"पडद्यावर. म्हणजे नसलेल्या पडद्यावर."

"पडदा नाही म्हणून चिडायचं, की ऊन येतं म्हणून आनंद मानायचा? दोन्ही शक्य आहे, नाही का?" असं म्हणून त्यांनी पेन्सिलीनं कागदावर लिहिलं आणि आमच्याकडे वळवलं.

> पडदा कशाला माझ्या खिडकीला?
> ऊन येऊ दे घरभर सारे;
> लपवण्याजोगे काहीच नाही,
> उघडी मने अन् उघडी दारे!

गेरलिंडेनं दोनदा वाचलं. "लपवण्याजोगं आहे की," ती म्हणाली. "मी आंघोळ करते."

डॉक्टर हेल्विग मनापासून हसले. "किती छान! हाच तो ताजेपणा."

"मी हे लिहिलेलं नाही. मी हे कधी लिहिणारही नाही. असं छापायचं असेल तर माझं नाव घालू नका."

"घाई नाही. विचार करा," ते म्हणाले. ती कोट घालून बाहेर गेली, जिना उतरल्याचा आवाज आला. मी निघणार तेवढ्यात डॉक्टर हेल्विगांनी माझ्या कोपराला हलकेच धरलं. म्हणाले, बहीण जरा तापट आहे, होईल शांत. राष्ट्रीय रेडिओवर ध्वनिमुद्रण होईल, कदाचित तबकडीही निघेल. दोघांपैकी एकाची संमती पुरते. त्यांनी एक फॉर्म सरकवला: 'शब्दांतील बदल मान्य'. मी कॉफीचा उरलेला घोट घेतला आणि सही केली.

कोणी बंदूक लावली नव्हती, कोणी धमकी दिली नव्हती. मला तबकडीवर माझं नाव हवं होतं, बस. परतीच्या गाडीत ती म्हणाली, "बरं झालं स्पष्ट सांगितलं." मी म्हटलं, "हो ना."

पुढच्या वर्षी मेमध्ये गिरणीच्या भोजनगृहात दुपारी रेडिओ चालू होता. बटाट्याचं सूप होतं, दीडशे बायका जेवत होत्या. माझी चाल वाजली, सोबत व्हायोलिनं घातलेली, आणि मारिना फाल्क नावाची बर्लिनची गायिका मधाळ आवाजात गायला लागली की लपवण्याजोगे काहीच नाही. शेवटी निवेदक म्हणाला, "शब्द: गेरलिंडे मायनेल, विणकर, वाइडनताल."

सगळ्या माना गेरलिंडेकडे वळल्या. मग मागच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं, "वा गं गेरलिंडे! उघडी दारे! मग येऊ का आज तुझी आंघोळ बघायला?"

सगळ्या हसल्या. गेरलिंडे उठली नाही. तिनं सूप संपवलं, चमचा पुसून खिशात ठेवला आणि कामावर गेली. उर्सेलनं मला नंतर सांगितलं की त्या दिवशी पाळी संपेपर्यंत तिचे ओठ हलत होते, पण तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

गाणं गाजलं. रेल्वे स्टेशनांवर, शाळांत, सुट्टीच्या शिबिरांत सगळीकडे तेच. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राचा छायाचित्रकार तिच्या घरी आला. म्हणाला, "फ्राऊ मायनेल, ती चादर जरा काढू या का? ऊन येऊ द्या." गेरलिंडेनं त्याला चादरीसकट बाहेर काढलं. तरी पेपरात फोटो आलाच, गिरणीतला जुना, खाली लिहिलेलं: 'मागावर जन्मलेली कविता'. मागखात्यातल्या बायकांना वाटलं ही विकली गेली. एकीनं तिच्या मागावर कागद चिकटवला, 'पडद्याचे किती मीटर मिळाले?' ज्या बायकांसाठी तिनं गाणं लिहिलं त्याच तोंड फिरवू लागल्या, आणि ज्यांनी गाणं बिघडवलं ते तिला फुलं देत होते.

नाव काढा म्हणून तिनं बर्लिनला सहा पत्रं लिहिली. एकालाच उत्तर आलं. त्यात होतं की नम्रता हा कामगार वर्गाचा जुना गुण आहे आणि तिचा हा गुण त्यांना फार भावला. हे पत्र तिनं मला वाचून दाखवलं. वाचता वाचता तिचा आवाज चिरकला. "नम्रता!" ती ओरडली. "योखेन, मी नम्र आहे?"

"मुळीच नाही," मी म्हटलं.

"मग यांना कोणी सांगितलं? कोणाला विचारून छापलं यांनी?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी मूग गिळून बसलो. त्या सुमारास कॉम्बोची चलती होती, आठवड्याला तीन कार्यक्रम.

चौऱ्याहत्तर साली ऑक्टोबरात आमच्या पूर्वेकडच्या प्रजासत्ताकाला पंचवीस वर्षं झाली. शनिवारी दुपारी संस्कृती भवनात समारंभ ठेवला. पुढच्या रांगेत पक्षाच्या जिल्हा समितीचे पाहुणे, मागे सगळी गिरणी. गेरलिंडेला पदक देणार होते आणि त्यानंतर तिनं सिल्बरबाख कॉम्बोच्या साथीनं स्वतःच्या गाण्याची पहिली दोन कडवी म्हणायची, असं लॉयपोल्डांनी ठरवलं होतं. सगळ्यांना वाटलं ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "म्हणेन की."

निळा ड्रेस घातला होता. पदक घेतलं, हात मिळवला, माइकपाशी आली. आमच्याकडे वळून मान हलवली. आम्ही सुरू केलं. आणि तिनं गायलं, "जगभर धाडते पडदे विणून, जाळी त्याला फुलाफुलाची…"

पहिल्या दोन ओळींपर्यंत पाहुणे मान डोलवत होते. तिसरीला लॉयपोल्ड उठले. चौथीला माइक बंद झाला. तरी ती गातच राहिली, साध्या आवाजात. तिचा आवाज काही लहान नव्हता, अर्ध्या सभागृहापर्यंत जात होता. लॉयपोल्ड विंगेतून धावत आमच्या मागे आले. चेहरा पांढराफटक.

"जोरात!" ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "वाजवा जोरात! ऐकू येता कामा नये! अरे, परवाना जाईल तुमचा!"

एकेहार्डनं अँप्लिफायरची कळ पिळली. ड्रमवाल्यानं जाड टोकानं बडवायला काठ्या उलट्या धरल्या. आणि मी, तिचा सख्खा भाऊ, मी माझी कळ पिळली. चारवर होती, नऊवर नेली. माझा बास असा घुमला की स्टेजच्या फळ्या थरथरल्या. ती माझ्यापासून दोन हातांवर उभी होती आणि मलाही ऐकू येईना. तिच्या मानेच्या शिरा ताणलेल्या तेवढ्या दिसत होत्या. तिनं एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा सभागृहाकडे तोंड केलं आणि दुसरं कडवं सुरू केलं.

पाहुण्यांच्या मागे मागखात्यातल्या बायका बसल्या होत्या, ऐंशी माग, तीन पाळ्या. त्यांना आवाजाची गरजच नव्हती. त्या तिच्या ओठांकडे बघत होत्या. 'पोलीस बघतो' आलं, आणि दोनशेच्या वर बायका एकाच क्षणी हसल्या. 'मांजर बघते'ला पुन्हा. जिल्हा समितीची माणसं गोंधळून मागे वळून बघायला लागली, काय झालं, कशाला हसतात? 'कशी मी न्हाते'ला उर्सेल उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली, मग सगळ्याच. दीड वर्ष ज्यांनी तिच्यापासून तोंड फिरवलं होतं त्या सगळ्या. आम्ही पाच पुरुष मूर्खासारखे धडाधड वाजवत होतो आणि आमचं कोणी ऐकत नव्हतं.

सोमवारी बैठक बसली. लॉयपोल्ड, गिरणीचे पक्ष-सचिव, मुकादम. गेरलिंडेच्या वर्तनाचा निषेध करणाऱ्या कागदावर मागखात्यातल्या सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या होत्या. उर्सेल आधी तिच्याकडे आली होती. गेरलिंडे तिला म्हणाली, "कर सही. तुला दोन मुलं आहेत. माझ्यासाठी तू टाळ्या वाजवल्यास, पुरे झालं." उर्सेलनं रडत रडत सही केली. तिच्यावर गेरलिंडेनं कधी डूख धरला नाही.

बैठकीत गेरलिंडे एकच मुद्दा धरून बसली: ते शब्द माझे नाहीत, मी नाही म्हणून सांगितलं होतं, माझ्या नावावर तुम्ही खोटं खपवलंत. लॉयपोल्ड हैराण झाले. बिचाऱ्यांची नोकरी टांगणीला लागली होती. त्यांनी फाईल उघडली आणि म्हणाले, "कॉम्रेड, हा काय खोटेपणाचा आरोप? ही बघा संमती. तुमच्याच भावाची सही आहे."

मी दाराशी बसलो होतो, मलाही बोलावलं होतं. तिनं कागद हातात घेतला. तारीख बघितली. मग ती उठून माझ्यासमोर आली.

"शनिवारी जोरात वाजवलंस, ते मी समजू शकते," ती म्हणाली. "घाबरला होतास. पण सही करताना तुला कोण घाबरवत होतं? कॉफी?"

यानंतर बावीस वर्षं ती माझ्याशी बोलली नाही.

तिला रंगखात्यात टाकलं. तिथे वाफेनं श्वास कोंडायचा, हात कोपरापर्यंत निळे-हिरवे व्हायचे. लॉयपोल्डांनी लेखक मंडळात घातलेलं तिचं नाव कमी केलं, आणि गाण्यावरूनही. रेडिओवर आता नुसतं 'संगीत: योखेन मायनेल' एवढंच सांगायचे. दीड वर्ष पत्रं लिहून जे मिळालं नाही ते तिला शिक्षा म्हणून मिळालं! उर्सेल सांगते, हे ऐकल्यावर गेरलिंडे रंगाच्या पिंपाला टेकून इतकी हसली की मुकादम घाबरला.

आणि आम्हाला काय मिळालं? पुढच्या वसंतात समितीनं सिल्बरबाख कॉम्बोला वरची श्रेणी दिली. परीक्षक म्हणाले, 'अवघड प्रसंगी शिस्त दाखवली.' मी फिटरची नोकरी सोडली. उन्हाळे बाल्टिकच्या किनाऱ्यावर, हॉटेलांत. रोज कोणीतरी टेबलावरून ओरडायचं, ते खिडकीचं गाणं होऊन जाऊ द्या! मी वाजवायचो. हजार वेळा वाजवलं असेल.

रविवारी आईकडे आम्ही दोघं जेवायला जायचो, आई होती तोवर. गेरलिंडे आईला सांगायची, "विचार त्याला, आणखी गोळे हवेत का." मी तिच्यासमोर बसलेला. कच्चा बटाटा किसून उकडलेले ते गोळे मी ताटात नुसते फिरवत बसायचो. आई एकदा चिडून म्हणाली, "मी काय टेलिफोन आहे का तुमचा?" पण गेरलिंडे बधली नाही. त्र्याऐंशीत आई गेली, कबरीपाशी आम्ही शेजारी उभे होतो, तेव्हाही नाही.

मग नव्वद उजाडलं, देशाचे दोन्ही तुकडे एक झाले आणि दारावरची मोठी अक्षरं उतरवली. गिरणी विकायला काढली. पश्चिमेचा एक गृहस्थ आला, मागांचे फोटो काढले, चांगले माग घेऊन गेला आणि उरलेली गिरणी बंद झाली. आता दुकानात पडदेच पडदे होते आणि ते विणणाऱ्या आठशे बायका घरी. गेरलिंडेला खोकला जडला होता, तो रंगखात्यातला. नोकरी कचेरीतल्या एका पोरसवदा साहेबानं तिला विचारलं, "एकोणचाळीस वर्षं एकाच ठिकाणी? तुम्हाला काही नवीन शिकावंसं वाटलं नाही?" तिनं त्याच्या टेबलावरची पेन्सिल मोडली. माझा कॉम्बोही मोडला. मी विमा विकायला लागलो, तेही जमलं नाही.

शहाण्णव साली पश्चिमेतल्या कोलोनच्या एका टीव्ही कंपनीला आमच्या जुन्या गाण्यांची आठवण झाली. पूर्वेकडची गाणी, पूर्वेकडची बिस्किटं, पूर्वेकडच्या मोटारी, हसत हसत बघायचा कार्यक्रम. मारिना फाल्क पुन्हा गाणार होती. त्यांनी कुठूनतरी गेरलिंडेला शोधून काढलं आणि तिला स्टुडिओत बोलावलं. उर्सेल सोबत गेली होती, सगळं तिनंच मला सांगितलं.

तिथे खोटा माग उभा केला होता, आणि गेरलिंडेनं घालायला एक फुलाफुलांचा अॅप्रन. निर्मात्याचं वय तिशीचं, कानात बाळी.

गेरलिंडे म्हणाली, "मी माझे खरे शब्द म्हणेन. दोनच कडवी आहेत."

तो म्हणाला, "ऐकले मी ते, फार सुंदर आहेत. पण जरा जड होतात हो. लोकांना ते गाणं आनंदी म्हणून आठवतं. आपण त्यांची आठवण कशाला बिघडवायची?"

"त्यांची आठवण," ती म्हणाली. "आणि माझी?"

"तुम्ही नुसतं मागाशी बसा आणि हसा. प्रेक्षकांना आवडेल."

"तुम्ही निदान पेन्सिल तरी वापरायची होतीत," गेरलिंडे म्हणाली. त्याला काही कळलं नाही. तिनं अॅप्रन त्याच्या हातात दिला आणि दोघी पुढची गाडी पकडून परत आल्या. उर्सेल सांगत होती, गाडीत पाच तास ती शिव्याच देत होती, आळीपाळीनं दोन्ही राज्यांना.

घरी येऊन तिनं आमच्या जिल्ह्याच्या पेपराला पत्र लिहिलं. चार ओळींत हकीकत आणि खाली गाणं, तिचं, आधीचं. विनंती एकच: आहे तसं छापा. पत्र गुरुवारी छापून आलं, वाचकांच्या पानावर, उजवीकडे वर. सकाळी बेकरीच्या रांगेत तीन बायका ते वाचत होत्या. मी घरी आलो तर फोन वाजत होता.

"योखेन?"

मी खुर्चीवर बसलो. तिचा आवाज जाड झाला होता, पण तोच.

"पेपर बघितलास?"

"हो."

"दुसऱ्या कडव्याची तिसरी ओळ वाच."

मी वाचली. 'सगळ्यांना दिसते कशी मी गाते.'

"गाते!" ती किंचाळली, मग खोकली, मग पुन्हा. "गाते! न्हातेचं गाते केलंय! मी संपादकाला फोन लावला. काय म्हणतो माहितीये? म्हणतो, आम्हाला वाटलं लिहिण्यात चूक झाली असेल, आणि गाते जास्त शोभतं! शोभतं! चोवीस वर्षं झाली, योखेन, एकालाही एवढं लिहिता येत नाही की बाई आंघोळ करते!"

"गाढव आहेत," मी म्हटलं.

"गाढव बरं! तू लाव त्याला फोन. माझा त्यानं ठेवून दिलाय."

मी लावला. त्या संपादकाला मी आयुष्यात कोणाला बोललो नव्हतो इतकं बोललो. सगळा राग त्याच्यावरच होता असं नाही, पण हाताशी तोच होता. शनिवारी पेपरात आगपेटीएवढी चौकट आली: दुरुस्ती, अमुक ओळ अशी वाचावी.

रविवारी मी तिच्या दारात गेलो. बोलावलं नव्हतं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "ते राहू दे. ते काही मी विसरणार नाही, उगाच आशा धरू नकोस. आत ये, दार उघडं ठेवू नकोस, थंडी येते." टेबलावर कात्री होती आणि तो पेपर. चौकट फार लहान छापली म्हणून ती नवं पत्र लिहायला बसली होती, आणि सुरुवात कशी करावी यावर आमचं तिथेच भांडण जुंपलं. मला 'माननीय' लिहायचं होतं. तिला नव्हतं.